टास्क मॅनेजरमधील अनोळखी प्रोसेस : ओळख कशी पटवावी?

प्रश्न : काही दिवसांपासून माझ्या संगणकाचा पंखा काहीही काम चालू नसताना जोरात फिरू लागतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तेव्हा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ नावाची प्रोसेस प्रोसेसरचा बराच भाग वापरताना दिसली. तिच्याखाली ‘सर्व्हिस होस्ट’ अशा नावाच्या कितीतरी ओळी आहेत. शिवाय ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची आणखी एक प्रोसेस माझ्याच युजरनेमने चालू आहे. तिच्या फाइलचे ठिकाण उघडले तर ती अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये निघाली. एंड टास्क केले की ती जाते आणि काही सेकंदांत परत येते. इंटरनेटवर शोधले तेव्हा एकाने हा व्हायरस असल्याचे लिहिले होते, दुसऱ्याने ही विंडोजची अत्यावश्यक फाइल असून तिला हात लावू नये असे बजावले होते, तर तिसरा एक ‘क्लीनर’ उतरवून घ्या म्हणून मागे लागला होता. भाऊ म्हणतो, जे ओळखू येत नाही ते सगळे डिलीट करून टाक. याच संगणकावरून मी बँकेचे व्यवहार करते. नेमके काय खरे मानावे?
— एक वाचक

उत्तर : आपण फाइलचे ठिकाण उघडून पाहिलेत आणि ते पत्रात लिहिलेत, त्यामुळे आपल्याला मोघम उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आली नाही. निष्कर्ष आधी सांगतो. पहिल्या दोन गोष्टी, म्हणजे अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल आणि सर्व्हिस होस्टच्या अनेक ओळी, आपल्या वर्णनावरून विंडोजच्या स्वतःच्याच दिसतात आणि त्यांना छेडण्याचे कारण नाही. तिसरी, म्हणजे रोमिंग फोल्डरमधून चालणारी एसव्हीसीहोस्ट, ही विंडोजची फाइल नाही. ती घातक आहे असे धरूनच पुढची पावले टाकावीत. या संगणकावरून बँकेचे व्यवहार आजच थांबवा आणि पुढचे वाचण्यापूर्वी त्याचे वाय-फाय बंद करा. भावाचा सल्ला मात्र मानू नका. तो का मानू नये आणि तिसऱ्या प्रोसेसविषयी मी इतके ठामपणे का बोलतो आहे, हे आता सविस्तर सांगतो, कारण पुढच्या वेळी नाव वेगळे असेल आणि निर्णय आपल्यालाच घ्यावा लागेल.

इंटरनेटवर आपल्याला तीन परस्परविरोधी उत्तरे मिळाली, याचे कारण आपण शोध नावाचा घेतला होता. एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल (‘सर्व्हिस होस्ट’च्या ओळी याच फाइलच्या) प्रत्येक विंडोज संगणकावर असतेच आणि ती खरोखर अत्यावश्यक आहे. त्याच नावाआड लपणारे घातक प्रोग्रामही कित्येक वर्षांपासून फिरत आहेत. म्हणजे पहिली दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती, पण त्यांपैकी एकालाही आपल्या संगणकावरची फाइल कोणती आहे हे ठाऊक नव्हते. फाइलचे नाव ही दारावरची पाटी आहे; ती कोणीही रंगवून आणून लावू शकतो. तिसरे उत्तर देणाऱ्याला तर आपल्या प्रश्नाशी कर्तव्यच नव्हते. प्रोसेसचे नाव शोधणारा माणूस घाबरलेला असतो हे ओळखून त्याच्या गळ्यात ‘क्लीनर’ किंवा ‘रजिस्ट्री दुरुस्ती’ बांधणाऱ्या अशा पानांचा सुळसुळाट आहे. असले काहीही उतरवून घेऊ नका. तसेच ‘आपल्या संगणकात व्हायरस सापडला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश पडद्यावर आला तर तो फसवणुकीचा समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीही नसतो.

ओळख पटवायची तर चार गोष्टी पाहाव्या लागतात : फाइल कुठे आहे, तिच्यावर कोणाची सही आहे, तिला कोणी सुरू केले आणि सुरू करताना काय करायला सांगितले. यांपैकी एकही गोष्ट एकटीने पुरेशी नसते. चारही एकमेकींशी जुळल्या तर विश्वास ठेवावा आणि एक जरी विसंगत निघाली तर तिथे थांबून नीट पाहावे.

सुरुवात ठिकाणापासून करू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील डिटेल्स या विभागात जाऊन स्तंभांच्या मथळ्यावर उजवी क्लिक केली की सिलेक्ट कॉलम्स हा पर्याय मिळतो. तिथे इमेज पाथ नेम (फाइलचा पत्ता) आणि कमांड लाइन (प्रोसेस सुरू करताना दिलेली पूर्ण आज्ञा) हे दोन स्तंभ चालू करा. आता प्रत्येक प्रोसेससमोर तिचा पूर्ण पत्ता दिसेल आणि एकेका ओळीवर क्लिक करत बसावे लागणार नाही. खरी एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या सिस्टिम३२ या उपफोल्डरातून चालते. तिची ३२ बिटची आवृत्ती सिसवॉव६४ या शेजारच्या फोल्डरात असते. या दोहोंखेरीज तिसरा पत्ता नाही. आपल्याकडची फाइल युजर्स फोल्डरात, आपल्या नावाखाली, अ‍ॅपडेटामधील रोमिंगमध्ये सापडली. ती तिथेच का बसली, यालाही कारण आहे. सिस्टिम३२ मध्ये काही लिहायचे तर प्रशासकाचे हक्क लागतात आणि विंडोज त्यासाठी परवानगी विचारते. आपल्या स्वतःच्या प्रोफाइलमधल्या फोल्डरात लिहायला कोणाचीच परवानगी लागत नाही. गुपचूप शिरू पाहणाऱ्या प्रोग्रामला ही जागा म्हणूनच सोयीची पडते, आणि अ‍ॅपडेटा हा फोल्डर मुळातच लपवलेला असल्याने तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

याचा अर्थ अ‍ॅपडेटामधून चालणारी प्रत्येक गोष्ट वाईट असा मात्र घेऊ नका. संवादाचे, फाइल साठवणुकीचे, संगीताचे अनेक प्रामाणिक प्रोग्राम प्रशासकाची परवानगी न मागता बसता यावे म्हणून तिथेच बसतात. दुसऱ्या बाजूला, विंडोजच्या सगळ्या फाइल सिस्टिम३२ मध्येच असतात हेही खरे नाही. डेस्कटॉप आणि फाइलच्या खिडक्या दाखवणारी एक्सप्लोरर ही फाइल थेट विंडोज फोल्डरात असते. अपडेट बसवताना प्रोसेसर तापवणारी टायवर्कर विनएसएक्सएस या फोल्डरातून चालते. आपल्या पत्रातल्या अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबलची फाइल एमएसएमपीईएनजी या नावाची असून ती प्रोग्रामडेटामधील मायक्रोसॉफ्टच्या विंडोज डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) या फोल्डरात, प्लॅटफॉर्म या नावाखाली, आवृत्तीच्या क्रमांकाच्या उपफोल्डरात राहते. तेव्हा ‘सिस्टिम३२ बाहेर म्हणजे खोटे’ असा सरधोपट नियम लावला तर आपण आपल्याच पहारेकऱ्यावर हात टाकाल. विचारायचा प्रश्न असा असतो की, या नावाच्या फाइलची खरी जागा कोणती आणि ती तिथेच आहे का? एखादी फाइल एसव्हीसीहोस्ट हे विंडोजचे नाव लावते आणि विंडोजच्या फोल्डरात राहत नाही, तेव्हा ती फसवण्यासाठीच तसे नाव लावते. कोणताही प्रामाणिक प्रोग्रामर आपल्या प्रोग्रामला हे नाव देणार नाही. आपल्या तिसऱ्या प्रोसेसविषयी माझी खात्री मुख्यतः यावर उभी आहे.

नाव वाचतानाही डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. व्ही आणि सी यांची अदलाबदल केलेली नावे अनेक घातक प्रोग्रामनी वापरली आहेत आणि घाईत वाचणाऱ्याला तो फरक जाणवत नाही. पासवर्ड तपासणाऱ्या एलसॅस या प्रोसेसच्या बाबतीत तर इंग्रजीतल्या लहान एलच्या जागी मोठा आय लिहिला की टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही अक्षरे जवळजवळ सारखीच उभी रेघ दिसतात. फोल्डरांचेही तसेच आहे : विंडोज फोल्डरात सिस्टिम नावाचा एक जुना फोल्डर आजही असतो आणि त्यात टाकलेली फाइल उडत्या नजरेला सिस्टिम३२ मधलीच वाटते. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा लागतो.

आता सही. फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की तिच्यावर डिजिटल सही, म्हणजे निर्मात्याची ओळख पटवणारी खूण, असल्यास डिजिटल सिग्नेचर्स हा विभाग दिसतो. त्यात सही करणाऱ्याचे नाव असते, आणि डिटेल्स दाबल्यावर ती सही वैध आहे की नाही हेही कळते. हे दुसरे पाऊल बहुतेक जण टाळतात. नाव दिसले की त्यांचे समाधान होते. त्याच खिडकीतल्या डिटेल्स या वेगळ्या विभागात कंपनीचे नाव, वर्णन, कॉपीराइट असा मजकूर असतो, त्यावर मात्र अजिबात विसंबू नका. तो मजकूर प्रोग्राम बनवणारा स्वतः भरतो आणि तिथे ‘मायक्रोसॉफ्ट’ लिहायला त्याला कोणी अडवत नाही. डिजिटल सहीची खोटी नक्कल तितक्या सहजी करता येत नाही.

इथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात बरेच जाणकारही अडखळतात. विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सहीचा विभाग दिसतच नाही. नोटपॅड त्यांपैकीच एक. कारण या फाइलची सही फाइलच्या आत नसून कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये एकत्र ठेवलेली असते. त्यामुळे ‘सही दिसत नाही, म्हणजे खोटी’ असा निष्कर्ष काढून कोणी विंडोजची फाइल उडवली तर संगणक बंद पडण्याची वेळ येईल. कॅटलॉगमधली सही तपासून दाखवणारे साधन म्हणून प्रोसेस एक्सप्लोरर वापरावा. हा सिसइंटर्नल्स या संचातला प्रोग्राम मार्क रुसिनोविच यांनी घडवला. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतले आणि तेव्हापासून तो मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून मोफत मिळतो. दुसरीकडून तो घेऊ नये. त्याच्या ऑप्शन्समध्ये व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स हा पर्याय चालू केला की प्रत्येक प्रोसेससमोर सही पडताळल्याचा किंवा न पडताळल्याचा शेरा उमटतो.

सही नसणे हा गुन्हा नाही. हौसेने मोफत प्रोग्राम लिहिणारे कितीतरी जण सहीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही म्हणून सही करत नाहीत. आणि सही असणे ही हमीही नाही. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी केलेल्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रामच्या ५.३३ या आवृत्तीत निर्मात्यांच्या नकळत घातक कोड शिरला आणि ती अधिकृत सहीनिशी लाखो संगणकांवर पोहोचली. अशा घटना विरळ आहेत, पण ‘सही आहे, विषय संपला’ असे म्हणता येत नाही एवढे त्या दाखवतात.

तिसरी आणि चौथी बाब, म्हणजे कोणी सुरू केले आणि काय सांगून सुरू केले, यांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. माझ्या मते मात्र खरी माहिती तिथेच सापडते. आपल्या सर्व्हिस होस्टच्या ओळी याच मार्गाने तपासू. विंडोजमधल्या बऱ्याच सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारी कामे, स्वतःच्या पायावर चालणारे प्रोग्राम नसतात. त्या लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने चालवायच्या फाइलच्या, रूपात असतात आणि त्यांना चालवणारी एक सामाईक प्रोसेस लागते. तीच एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकेका एसव्हीसीहोस्टमध्ये अनेक सेवा कोंबलेल्या असत. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, ३.५ जीबीपेक्षा अधिक रॅम असलेल्या संगणकावर बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळू लागली, जेणेकरून एक सेवा कोसळली तर तिच्याबरोबर बाकीच्या कोसळू नयेत. आपल्याला कितीतरी ओळी दिसतात त्या यामुळे. त्यांची संख्या मोठी असणे हे आजच्या विंडोजमध्ये नेहमीचे आहे, त्यावरून घाबरून जाऊ नका.

आता डिटेल्स विभागात एखाद्या एसव्हीसीहोस्टसमोरची कमांड लाइन वाचा. पत्त्यानंतर ‘-के नेटवर्कसर्व्हिस -पी -एस डीएनएसकॅशे’ अशा धाटणीचा मजकूर दिसेल, अर्थात इंग्रजी लिपीत. ‘-के’ नंतर सेवांच्या गटाचे नाव येते आणि ‘-एस’ नंतर त्या विशिष्ट सेवेचे. या उदाहरणातली सेवा संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते लक्षात ठेवते. त्याच ओळीवर उजवी क्लिक करून गो टू सर्व्हिसेस निवडले की टास्क मॅनेजर सेवांच्या यादीकडे नेतो आणि त्या प्रोसेसमध्ये चालणारी सेवा ठळक करून दाखवतो. खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या पोटात कोणती ना कोणती सेवा असतेच. आता हेच आपल्या तिसऱ्या प्रोसेसवर करून पाहा. तिच्या कमांड लाइनमध्ये गटाचे नाव बहुधा नसेल आणि सेवांच्या यादीत काहीही ठळक होणार नाही. नाव सेवा चालवणारीचे आणि पोटात सेवा एकही नाही, हा विरोध डोळ्यांसमोर दिसतो आणि त्यासाठी कोणतेही साधन उतरवून घ्यावे लागत नाही. एक सावधगिरी अशी की, प्रशासकाचे हक्क नसतील तर सिस्टिमच्या प्रोसेससमोरचा कमांड लाइनचा स्तंभ रिकामा दिसतो. तेवढ्यावरून त्या प्रोसेसवर संशय घेऊ नये.

खऱ्या एसव्हीसीहोस्टची जनक प्रोसेस सर्व्हिसेस नावाची असते. टास्क मॅनेजर ही वंशावळ सांगत नाही, पण प्रोसेस एक्सप्लोरर ती झाडाच्या रूपात मांडतो. आपली तिसरी प्रोसेस त्या झाडात सर्व्हिसेसच्या फांदीवर न दिसता एक्सप्लोररखाली, एखाद्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामखाली किंवा अगदीच निराधार दिसेल. ती आपल्या युजरनेमने चालते याला मात्र मी फारसे वजन देणार नाही. जुन्या विंडोजमध्ये तो भक्कम पुरावा मानत असत. विंडोज १० पासून काही सेवा प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र चालतात आणि त्यांच्या खऱ्या एसव्हीसीहोस्ट वापरकर्त्याच्याच नावाने दिसतात.

कमांड लाइनचे महत्त्व दुसऱ्या एका कारणासाठीही आहे. हल्लीचे पुष्कळ हल्ले स्वतःची फाइल आणतच नाहीत. ते पॉवरशेल (लेखी आज्ञा चालवणारे साधन), रनडीएलएल३२, एमएसएचटीए अशा विंडोजच्याच प्रोग्रामना कामाला लावतात. ठिकाण बरोबर, सही मायक्रोसॉफ्टची, नाव खरे, आणि तरी काम घातक. अशा वेळी पॉवरशेलसमोरच्या कमांड लाइनमध्ये ‘एन्कोडेडकमांड’ हा शब्द आणि त्यापुढे अर्थहीन अक्षरांची लांबलचक रांग दिसली, किंवा रनडीएलएल३२ ला टेंप फोल्डरातली एखादी फाइल चालवायला सांगितलेले दिसले, तर तिथे थांबून चौकशी करावी. काही कार्यालयीन व्यवस्थापनाची साधनेही अशी पद्धत वापरतात, त्यामुळे हा दोषाचा निवाडा ठरत नाही. पण घरच्या संगणकावर त्याचे स्पष्टीकरण मिळालेच पाहिजे.

इतके करूनही एखादे नाव उलगडले नाही तर फाइलचा हॅश काढून व्हायरसटोटल या, अनेक अँटीव्हायरस इंजिनांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शोधावा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ६४ चिन्हांची ओळ. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते, त्यामुळे नावाच्या शोधातला घोळ इथे होत नाही. पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही आज्ञा तो काढून देते, आणि प्रोसेस एक्सप्लोररमध्ये व्हायरसटोटलचा पर्याय चालू केला तर तो स्वतःच हॅश पाठवून निकाल आणतो. थेट फाइल चढवण्याआधी मात्र विचार करावा. तिथे चढवलेल्या फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना उपलब्ध होतात; खासगी कागदपत्रे असलेली फाइल तिथे कदापि टाकू नये. निकाल वाचतानाही तारतम्य ठेवावे लागते. सत्तरेक इंजिनांपैकी एखाद्याच अपरिचित इंजिनाने बोट दाखवले असेल आणि फाइल कित्येक वर्षांपासून तिथे नोंदलेली असेल तर ती बहुधा चुकीची शंका असते. उलट एकाही इंजिनाने हरकत घेतली नाही, पण फाइल प्रथम आजच तिथे दिसली, तर त्या कोऱ्या निकालाला फारशी किंमत नाही, कारण इतक्या नव्या फाइलची ओळख त्या इंजिनांना अजून झालेली नसू शकते.

आता भावाच्या सल्ल्याविषयी. ‘ओळखू येत नाही ते डिलीट कर’ हा सल्ला काळजीपोटी दिला जातो हे मला मान्य आहे, पण त्याने व्हायरसइतकेच नुकसान झालेले आहे. २००१ साली एक ईमेल जगभर फिरला. त्यात एसयूएलएफएनबीके नावाची फाइल संगणकात सापडली तर तो व्हायरस आहे, अँटीव्हायरसला तो सापडत नाही, लगेच काढून टाका आणि सर्वांना कळवा, असे लिहिले होते. लोकांनी शोधले आणि ती फाइल सापडलीच, कारण ती विंडोज ९८ चाच भाग होती आणि फाइलची लांब नावे पूर्ववत करण्याचे काम करत असे. पुढच्याच वर्षी जेडीबीजीएमजीआर या दुसऱ्या निरुपद्रवी फाइलवर हाच आळ आला. तिचे चिन्ह टेडी अस्वलाचे असल्यामुळे लोकांना ती अधिकच संशयास्पद वाटली. कोणताही व्हायरस न येता हजारो लोकांनी स्वतःच्या हातांनी विंडोजच्या फाइल पुसल्या. आजच्या विंडोजमध्ये सीएसआरएसएस किंवा विनइनिटसारखी मूलभूत प्रोसेस बळाने बंद केली तर संगणक निळा पडदा दाखवून तत्क्षणी थांबतो, आणि न साठवलेले काम हातचे जाते.

अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हे विंडोजच्या डिफेंडरचे इंजिन आहे. त्याची नियमित तपासणी संगणक मोकळा असेल तेव्हाच सुरू व्हावी अशी मूळ रचना आहे, म्हणून आपण काही करत नसताना पंखा फिरतो. तेवढ्याने आपल्या तक्रारीचा काही भाग सुटेल. पूर्ण भाग सुटेल असे मी म्हणणार नाही, कारण दुसऱ्याच्या संगणकावर आभासी चलन खोदणारे प्रोग्रामही संगणक मोकळा असतानाच जोर करतात, आणि त्यांतले काही तर टास्क मॅनेजर उघडला की गुपचूप थांबतात. पंखा जोरात असताना टास्क मॅनेजर उघडताक्षणीच तो शांत होतो का, यावर लक्ष ठेवा. तसे वारंवार होत असेल तर ते वाईट लक्षण आहे.

तिसरी प्रोसेस एंड टास्कनंतर परत येते, याचा अर्थ तिला उठवणारे दुसरे काहीतरी आहे : टास्क शेड्युलरमधले एखादे काम, एखादी सेवा किंवा सोबत चालणारी दुसरी प्रोसेस. म्हणून फक्त ती फाइल पुसून भागणार नाही. क्रम असा ठेवा. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडरच्या व्याख्या (व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी) अद्ययावत करा. तेवढ्यापुरते इंटरनेट जोडावे लागेल, ते काम होताच पुन्हा तोडा. मग स्कॅन ऑप्शन्समधील मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. उघडी कामे आधी साठवून ठेवा, कारण संगणक लगेच पुन्हा सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटे तपासणीतच गुंततो. या तपासणीचा फायदा असा की, ती विंडोज पूर्ण चालू होण्याआधी होते, त्यामुळे स्वतःला वाचवणाऱ्या प्रोसेसला त्या वेळी हालचाल करता येत नाही. त्यानंतर सिसइंटर्नल्सचाच ऑटोरन्स हा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर उतरवून आणून चालवा. विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या साऱ्या गोष्टी तो एका ठिकाणी दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय चालू करा आणि त्या रोमिंग फोल्डराकडे बोट दाखवणारी नोंद शोधा. सापडली तर तिच्यासमोरची खूण काढा, नोंद लगेच पुसू नका. खूण काढणे परतवता येते, पुसणे परतवता येत नाही.

हे सगळे चालू असतानाच, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण ईमेल ज्याच्या हाती त्याला बाकी सगळे पासवर्ड बदलून घेता येतात, मग बँक. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरा. ब्राउझरमधून चोरलेल्या कुकीच्या (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीच्या) बळावर चोराला पासवर्डशिवायही आत राहता येते आणि नुसता पासवर्ड बदलून ते नेहमीच थांबत नाही. बँकेला त्यांच्या अधिकृत क्रमांकावर कळवा आणि अलीकडचे व्यवहार नजरेखालून घाला.

ऑफलाइन स्कॅनने फाइल पकडून काढली, ऑटोरन्समध्ये नोंद उरली नाही आणि पुन्हा सुरू केल्यावर ती प्रोसेस परतली नाही, तर पुष्कळ जण तिथेच थांबतात. आपल्या बाबतीत मी थांबणार नाही. पैशाचे व्यवहार होणाऱ्या संगणकात एक घातक प्रोग्राम किती काळ होता आणि त्याने सोबत आणखी काय आणले हे आपल्याला खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा विंडोज नव्याने बसवणे हाच मला योग्य मार्ग वाटतो. त्यासाठीची यूएसबी दुसऱ्या संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने बनवावी. त्याआधी आपली कागदपत्रे, छायाचित्रे आणि हिशेबाच्या फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या, पण प्रोग्राम, इन्स्टॉलर, स्क्रिप्ट आणि अ‍ॅपडेटा फोल्डर मात्र सोबत आणू नका. नव्या विंडोजमध्ये फाइलची एक्स्टेंशन्स (नावाच्या शेवटी बिंदूनंतर येणारी, प्रकार सांगणारी अक्षरे) दाखवण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे कागदपत्राचे चिन्ह लावून आलेला एखादा प्रोग्राम त्या ड्राइव्हवर राहिला असेल तर उघडण्याआधीच दिसेल. तो ड्राइव्ह जोडल्यावर त्यातली एकही फाइल उघडण्यापूर्वी त्याची डिफेंडरकडून पूर्ण तपासणी करून घ्या.